तापीकाठची जुनी जीप

भुसावळ सोडून आगगाडीने तापीचा पूल ओलांडला की खिडकीबाहेर केळीच्या बागा सुरू होतात. सावदे, निंभोरा, रावेर ही स्थानके एकामागून एक मागे पडतात, पण बागांची हिरवी भिंत काही संपत नाही. मध्येच कोठेतरी महाराष्ट्राची हद्द संपून मध्य प्रदेश लागतो. तो केव्हा लागला हे केळींना ठाऊक नसते आणि प्रवाशालाही कळत नाही. फलाटावरच्या चहावाल्याने भाव मराठीत सांगितला आणि सुटे पैसे हिंदीत मागितले, म्हणजे बुऱ्हाणपूर आले असे समजून मी पिशवी खांद्यावर घेतो.

गेल्या दोन वर्षांत मी या वाटेने चार वेळा गेलो. वाचकहो, यात्रेसाठी नव्हे किंवा मोगलांचे वाडे पाहण्यासाठीही नव्हे. मी गेलो तो एका मोडक्या जीपगाडीसाठी. हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. धर्मगुरूने आपली वार्षिक रजा कशी घालवावी याविषयी आमच्या वसईतील वडीलधाऱ्यांची मते ठाम आहेत, आणि त्या मतांत काळ्या तेलाने माखलेल्या झग्याला जागा नाही. तथापि दोष सर्वस्वी माझा नव्हे. माझे वडील वाडीतील पाणी खेचण्याचे इंजिन स्वतः खोलीत आणि स्वतःच जोडीत. त्यांच्यासाठी कंदील धरून उभे राहण्यात माझे बालपण गेले. सेमिनरीतील तत्त्वज्ञानाने ती खोड मोडली नाही.

सेमिनरीत माझ्याबरोबर असलेले एक धर्मगुरू बुऱ्हाणपूरच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशी काम करतात. त्यांच्या आवारात पूर्वी बैल बांधीत ती पडवी आहे. तिच्या कोपऱ्यात, चुलीचे सरपण आणि गळक्या पिंपांच्या आड, ती जीप पहिल्या भेटीत मला दिसली. चारही टायर बसलेले, आसनांतील काथ्या उंदरांनी नेलेला, चालकाच्या पायाखालचा पत्रा कुजून खालची माती दिसत होती. भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला होता. तिच्या किमतीत शाळेच्या एका खोलीचे छप्पर दुरुस्त होईल, असा माझ्या मित्रांचा हिशेब होता आणि तो हिशेब चुकीचा नव्हता. मी म्हटले, "छपराचे पैसे मी आमच्या लोकांकडून आणून देतो. गाडी एक वर्ष विकू नका." त्या क्षणी मला वाटत होते की मी एका उपेक्षित वस्तूवर दया करीत आहे. खरे पाहता ती मोहाची उघड गोष्ट होती.

जीप म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. १९४० साली युरोपात युद्ध पेटले असता अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना ओढ देणारी, चिखलातून व डोंगरातून जाईल अशी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कारखान्याने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. पुढे विलिस आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. त्या युद्धातील अनेक छायाचित्रांत रणभूमीवरील कॅथलिक धर्मगुरू जीपच्या बॉनेटवर पांढरे वस्त्र पसरून मिस्सा अर्पण करताना दिसतात. बॉनेट सपाट आणि बेताच्या उंचीचे असल्यामुळे ते सोयीचे झाले असावे.

आपल्या देशात ती आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली त्यांनी गुलाम महंमद यांच्याबरोबर कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दोन्ही वेळा महिंद्र हेच नाव आले. सुट्या भागांतून जीपगाड्या प्रथम मुंबईत जोडल्या जात. पुढे भाग येथेच घडू लागले. माझ्या मित्रांच्या पडवीतील गाडी सीजे-३बी या जातीची, उंच बॉनेटची. विलिस कंपनीने १९५३ साली नवे इंजिन बसवले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि ते मावावे म्हणून बॉनेट चढवावे लागले. दिसायला ते बेढब खरे. अमेरिकेत ही जात १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिली. या गाडीत चालक बसतो डावीकडे, अमेरिकन पद्धतीने. म्हणून पुष्कळ जुन्या जीपगाड्यांच्या पाठीवर मागच्यांना सावध करण्यासाठी 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले असे. या गाडीच्या पाठीवर ती अक्षरे अजून पुसट दिसत होती.

अशा गाडीचा जाणता कोठे मिळावा? माझ्या मित्रांनी मला शहरात नेले. बुऱ्हाणपूर हे तटबंदीचे जुने शहर. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी ते वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्यास दिले. येथून कोस-सात कोसांवर उत्तरेस असीरगडचा किल्ला आहे, ज्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबर बादशहाने तो १६०१ च्या जानेवारीत घेतला. त्या मोहिमेत बादशहाबरोबर येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेंटो द गोइश होते, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. फादर जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातले. आणि ब्रदर गोइश पुढे आग्र्याहून निघून पायी, उंटावर, बर्फाचे डोंगर ओलांडीत चीनच्या सीमेपर्यंत पोचले व १६०७ साली तेथेच देवाघरी गेले. शहाजहानची राणी मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये याच शहरात बाळंतपणात वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत होता. हे सारे दाखवण्यास वाटाडे पुष्कळ मिळतात. मला हवा होता मिस्त्री.

तो मिळाला शनवारा दरवाजाजवळच्या गल्लीत. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, दाढी मेंदीने लाल. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही तसेच म्हणू लागलो. बुऱ्हाणपुरात यंत्रमाग पुष्कळ आहेत आणि मागांचे झिजलेले भाग घडवणारे लेथवालेही त्या मानाने खूप. चाचांचे निम्मे काम या शेजाऱ्यांच्या जिवावर चाले. जीपच्या ज्या पिना व बुशे बाजारात मिळत नव्हती, ती मागाचे दांडे कातणाऱ्या एका तरुणाने दोन संध्याकाळींत कातून दिली. त्याने आयुष्यात जीप चालवली नव्हती. त्याला माप पुरेसे होते.

इंजिन गंजून जाम झाले होते. हँडल घालून फिरवू लागलो तर फिरेना. चाचांनी प्लग काढले, चारही सिलिंडरांत रॉकेल व तेल ओतले आणि आम्हांला चार दिवस हात लावू दिला नाही. रोज सकाळी येऊन ते हँडलला नुसते एक बोट लावीत. मी घाई केली की म्हणत, "जोर नहीं, फादर साहब, तेल." पाचव्या दिवशी हँडल वीतभर हलले.

पेट्रोलची टाकी या गाडीत चालकाच्या आसनाखाली असते. आतला गंज काढण्यासाठी आम्ही तापीच्या पात्रातले मूठ-दोन मुठी गोटे धुऊन त्यात घातले, रॉकेल ओतले आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना टाकी हलवत बसवले. एक दुपार तो खडखडाट चालला होता. धर्मभगिनींनी मग आमच्याशी दोन दिवस फारसे भाषण केले नाही.

माझी चूक घडली ती दुसऱ्या भेटीत. इंजिनाचे हेड उतरवायचे होते. मी सगळे बोल्ट काढले, मोजले, कागदावर मांडले. हेड निघेना. चाचा दुपारच्या नमाजाला गेले होते. वाट पाहणे मला जमले नाही. मी पहार लावली आणि रेटा दिला. ओतीव लोखंडाचा टवका उडाला तो आवाज मला अजून ऐकू येतो. चाचा परत आले, त्यांनी हाताने चाचपले आणि कार्ब्युरेटरच्या बैठकीखाली, हवा जाते त्या तोंडात, बोट घातले. तेथे एक बोल्ट लपलेला होता. या जातीच्या इंजिनात तो तसाच असतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला तो दिसत नाही. चाचा रागावले नाहीत. त्यांनी हेड कोळशांत तापवले, टवका सांधला आणि सगळे राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू दिले, कारण ओतीव लोखंड एकदम थंड झाले तर पुन्हा तडकते. या दोन दिवसांच्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाले की तो बोल्ट आधी सांगायचा राहिला ही चूक त्यांची. दुसऱ्याची चूक आपल्या माथी घेणारा मनुष्य मी त्यापूर्वी प्रवचनांतच अधिक पाहिला होता.

हेड राखेत निवत होते त्या दिवशी मी कुंडी भंडारा पाहून आलो. रेल्वे स्थानकाकडे लालबाग आहे, तेथून ते जवळच. इराणातल्या कनातींसारखी ही पाणीयोजना १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, बांधली गेली. सातपुड्यात मुरलेले पाणी भूगर्भातल्या बोगद्यातून उताराने, कोणत्याही यंत्राविना, शहराकडे येते. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरींसारखी तोंडे आहेत. त्यांना कुंड्या म्हणतात. पाळण्याने सुमारे ८० फूट खाली उतरलो. पाणी गार, काचेसारखे निर्मळ. भिंतींवर मात्र चुन्याचे पांढरे थर साचलेले. पाण्यातली खनिजे असा थर धरतात आणि तो वेळोवेळी काढला नाही तर वाट चिंचोळी होते. या कुंड्या केवळ पाणी भरण्यासाठी नाहीत. हवा खेळावी आणि माणसाने आत उतरून गाळ काढावा यासाठीही आहेत. बांधणाराने दुरुस्ती करणाऱ्याचा विचार पहिल्या दिवशी केला होता. २०२४ साली ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. मी वर येऊन चाचांना हे सांगितले. ते म्हणाले, "जीपही तशीच. पाना-हातोडीने सारी उघडते. तो एक बोल्ट सोडून."

असो. तिसऱ्या भेटीपर्यंत इंजिन चालू झाले होते, पाटे व ब्रेक नवे झाले होते आणि मला एक नवेच वेड लागले होते. गाडी कारखान्यातून निघाली तशी हुबेहूब व्हावी! मी भंगारबाजारातून सुती वेष्टनाच्या जुन्या तारा शोधून आणल्या. जुना डिस्ट्रिब्यूटर, त्याची जुनी टोपी, जुनी कॉइल मी घासूनपुसून पुन्हा बसवली. चाचा नको म्हणत होते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले आहेत. मूळ रूपात राखलेल्या गाडीला वीस हजार रुपये भरून 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. तो क्रमांक आपल्या गाडीवर असावा, असे मला फार वाटू लागले.

रंगकाम करणारा पत्रा खरवडत होता. चालकाशेजारच्या आसनाखाली हत्यारांची पेटी असते, तिचे झाकण त्याने उलटे केले आणि मला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने ओळी लिहिलेल्या होत्या. पूर्वीच्या धर्मगुरूंचे अक्षर. ते केव्हाच प्रभूघरी गेले. तारीख, पाड्याचे नाव, मैल. काही ओळींपुढे बारीक क्रूस. माझ्या मित्रांनी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माईला बोलावले. ती डोंगरातल्या पाड्यावरची कोरकू बाई, आता सत्तरीला आलेली, वाचता न येणारी. आम्ही एकेक नाव वाचीत गेलो आणि ती सांगत गेली: हा साप चावलेला, वाचला, ही बाळंतपणाची, वाटेतच गेली, हा तापाचा. ज्यांच्यापुढे क्रूस होता ते सर्व दवाखान्यात पोचण्यापूर्वी किंवा पोचून वारलेले होते.

यादी संपली. ती म्हणाली, "माझ्या मुलाचे नाव नाही."

आम्ही गप्प राहिलो. तिने सांगितले ते मी तिच्याच क्रमाने देतो. पावसाळ्याची रात्र होती. मूल तीन वर्षांचे, तापाने आकडी येत होती. नवऱ्याने पाठीवर घालून नाला ओलांडला आणि मिशनच्या दारात आणले. फादर लगेच उठले. गाडी चालू होईना. हँडल मारून मारून फादरांच्या हाताची साल निघाली. पहाटे ऊन येऊन गाडी तापली तेव्हा ती एका झटक्यात चालू झाली. तोवर मूल तिच्या मांडीवरच गेले होते. गाडीत बसलेच नाही, म्हणून झाकणावर नाव नाही.

"आता ती पुन्हा चालू करताय," ती म्हणाली. त्यात प्रश्न होता की आरोप, हे मला समजले नाही. ती पुन्हा चुलीकडे गेली.

चाचा गाडीच्या पलीकडच्या बाजूस उकिडवे बसून ऐकत होते. काय घडले असेल ते आम्हां दोघांना ठाऊक होते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली, सुती तारांनी पाणी ओढले, आणि प्लगपर्यंत पोचण्यापूर्वीच ठिणगी वाटेत विरली. उन्हाने टोपी वाळली तशी गाडी चालू झाली. मी ज्या तारा शोधून, कौतुकाने पुसून बसवल्या होत्या, त्या तसल्याच होत्या. रात्री मिस्साघरात गुडघे टेकले तेव्हा मला प्रार्थना सुचली नाही; समोर त्या ताराच दिसत होत्या.

सकाळी मी त्या स्वतः उपटून काढल्या. नव्या रबरी वेष्टनाच्या तारा, नवी टोपी, नवी कॉइल, मोठी बॅटरी, वर पाण्यासाठी रबराचे आच्छादन हे सारे चाचांनी सांगितले तसे बसवले. मी उत्साहाच्या भरात पॉइंटही काढून इलेक्ट्रॉनिक साधन बसवावे असे सुचवले. चाचांनी ते मात्र मानले नाही. पॉइंट बिघडला तर रस्त्यात कानशीने घासून, मध्ये पोस्टकार्ड घालून अंतर साधता येते. ती बंद डबी बिघडली तर डोंगरात कोण उघडणार? त्यांचे म्हणणे मला पटले. आसनांना पट्टे लावले. दिवे नवे घेतले. 'व्हीए'चा विचार सुटला, कारण त्या क्रमांकाची गाडी प्रदर्शनास किंवा मिरवणुकीस नेता येते, रोजच्या कामास नाही. आम्ही साधी नोंदणीच नूतन करावयाचे ठरवले. जुने कागद एका बिस्किटाच्या डब्यात सापडले. चेसिसचा क्रमांक पेन्सिल घासून कागदावर उतरवला, दंड भरला, तपासणी करवली. यासाठी ज्या खेपा पडल्या त्यांचे वर्णन करून मी वाचकांची सहनशीलता ताणीत नाही.

माझ्या मित्रांकडे आज एक मोटारसायकल आहे, मोबाइल फोन आहेत, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. पाड्यांना जाणारे रस्तेही पुष्कळ सुधारले आहेत. या जीपवाचून कोणाचे अडणार होते असे मी म्हणणार नाही. पण नाल्याला पूर आला की दोन-तीन पाडे अजूनही काही तास तुटतात, आणि रुग्णवाहिका नाल्याच्या अलीकडे उभी राहते. तेवढ्यापुरतीच ती आता आहे.

गाडीला फिकट हिरवा रंग दिला. पेटीचे झाकण न रंगवता तसेच ठेवले. रंगाऱ्याने त्यावर काचेसारखा पातळ लेप दिला, म्हणजे पेन्सिल पुसणार नाही.

चौथ्या भेटीत, पावसाळा तोंडावर आला असताना, गाडीला आशीर्वाद दिला. वाहनाला आशीर्वाद देण्याच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत, रथात बसून धर्मग्रंथ वाचणाऱ्या इथिओपियाच्या माणसाचा आणि त्याच्याकडे धावत गेलेल्या फिलिपाचा उल्लेख आहे. मी तो प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांतून वाचला. चाचा टोपी घालून जरा दूर उभे होते; येताना त्यांनी मावा जिलेबीचा पुडा आणला होता आणि मुलांचे लक्ष प्रार्थनेपेक्षा त्यावर अधिक होते. रात्रभर रिमझिम पडली होती. गाडी मुद्दाम आम्ही उघड्यावरच ठेवली होती.

माई पुढे आली. बॉनेटला हात न लावता ती म्हणाली, "चालू करा."

माझ्या मित्रांनी बटण दाबले. इंजिन चालू झाले.

"बंद करा." त्यांनी बंद केले.

"पुन्हा."

असे तिने चार वेळा करायला लावले. मुले हसू लागली; चाचा हसले नाहीत, मान खाली घालून ऐकत राहिले. चौथ्या वेळी इंजिन चालू झाले तेव्हा तिने पदर डोक्यावरून नीट घेतला, उजवीकडून फेरा घालून आली, पेटीवरच्या आसनावर चढून बसली आणि पट्टा कसा लावायचा ते मला विचारले.